दारू सुटली, धाक सुटला नाही

वाचकांच्या प्रश्नांच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे आणि एक चिठ्ठी या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे लिहिणाऱ्या चौघांच्या घरात व्यसन आहे किंवा होते, आणि प्रत्येकजण आपापल्या बाजूने एकच गोष्ट विचारत आहे: माझी जबाबदारी कुठे संपते आणि समोरच्याची कुठे सुरू होते. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझ्या पतींनी दारू सोडून सात महिने झाले. ते उपचार केंद्रात राहून आले, दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला नियमित जातात, नातेवाईक त्यांचे कौतुक करतात. पूर्वी ते प्यायल्यावर हात उचलत असत. आता मारहाण होत नाही, पण गेल्या महिन्यात दंड धरून त्यांनी मला भिंतीवर ढकलले. रोज रात्री माझा फोन कुलूप उघडून टेबलावर ठेवावा लागतो. बँकेचे कार्ड त्यांच्याकडे असते. बहिणीशी बोलताना स्पीकर लावावा लागतो. मी काही बोलले की म्हणतात, ‘तुझ्यासाठी दारू सोडली, आणखी काय हवंय? मला टेन्शन दिलंस तर पुन्हा पिईन, आणि त्याला तूच जबाबदार असशील.’ त्यांचे समुपदेशक मला सांगतात की पहिले वर्ष अवघड असते, सांभाळून घ्या. मी कृतघ्न आहे का?

उत्तर : तुम्ही कृतघ्न नाही. तुमच्या पतींना दोन वेगवेगळ्या गोष्टी बदलायच्या होत्या. त्यांतली एक त्यांनी मनावर घेतली आहे, दुसरीला अजून हात लावलेला नाही, आणि पहिलीचे श्रेय दाखवून दुसरीचा हिशेब मागू दिला जात नाही.

समुपदेशकांचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे नाही. अनेक वर्षे पिणाऱ्या माणसाने दारू थांबवली की झोप न लागणे, बेचैनी, चटकन चिडणे, मन उदास राहणे हे त्रास काही आठवडे, कधी कित्येक महिनेही टिकतात. पण चिडलेला माणूस दार आपटतो, बोलणे टाकतो, फार तर भांडून बाहेर निघून जातो. रोज रात्री ठरल्या वेळी बायकोचा फोन उघडून पाहणे, तिचे कार्ड स्वतःच्या पाकिटात ठेवणे आणि तिचे बहिणीशी होणारे बोलणे आपल्याला ऐकू येईल अशी सोय करणे यासाठी चिडचिड पुरत नाही. त्यासाठी डोके शांत असावे लागते, लक्ष असावे लागते आणि सातत्य असावे लागते. दारू सुटल्यावर या तिन्ही गोष्टी माणसाकडे पूर्वीपेक्षा जास्त असतात, हे सांगायला बरे वाटत नाही, पण ते तसे आहे.

दारूने हिंसा वाढते, दुखापत अधिक गंभीर होते, यात वाद नाही. तरीही भरपूर पिऊन कधीही कुणावर हात न उचलणारी माणसे असंख्य आहेत, आणि आयुष्यात दारूला न शिवता घरात दहशत माजवणारीही कमी नाहीत. जुने दिवस आठवून स्वतःला काही प्रश्न विचारून पाहा. प्यायलेले असताना त्यांनी कधी आपल्या वरिष्ठांवर हात उचलला होता का? वळ उठायचे ते कपड्यांनी झाकले जातील अशाच जागी उठायचे का? फुटायच्या त्या वस्तू तुमच्याच असायच्या का? दारावर कुणी आले की त्यांचा आवाज खाली यायचा का? या प्रश्नांची उत्तरे ‘नाही, फक्त माझ्यावरच’, ‘हो’, ‘हो’, ‘हो’ अशी येत असतील, तर तोल सुटलेल्या माणसाचे हे वागणे नव्हते. कुठे थांबायचे हे त्यांना नशेतही कळत होते.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या दुलूथ या शहरात 1984 च्या सुमारास, मार सोसलेल्या स्त्रियांशी बोलून, त्यांच्या अनुभवांवरून एक चक्राकृती तक्ता तयार करण्यात आला. त्याच्या कडेला शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे, पण आतल्या आठ कप्प्यांत धमकावणे, एकटे पाडणे, पैसा ताब्यात ठेवणे, मुलांचा वापर करणे, घडलेले क्षुल्लक ठरवून दोष तिच्यावरच ढकलणे अशा गोष्टी आहेत. मारणे एकदोनदाच होते, हे कप्पे मात्र रोज चालू असतात, आणि तो एकदोनदाचा मार त्यांना धार देऊन जातो. तुमच्या पत्रातला फोन, कार्ड, स्पीकर आणि ‘तूच जबाबदार’ हे वाक्य, हे सगळे त्या तक्त्यात आहे. गेल्या महिन्यातला तो एक धक्का बाकीच्या एकोणतीस दिवसांना पुरतो. म्हणूनच ‘आता मारहाण होत नाही’ असे तुम्ही लिहू शकता आणि तरीही फोन टेबलावर ठेवता. अशा सततच्या नियंत्रणाला इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवले आहे. शरीरावर एकही खूण नसली तरी.

आता ‘पुन्हा पिईन’ या वाक्याविषयी. व्यसनातून बाहेर पडताना पाय घसरणे दुर्मीळ नाही. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 40 ते 60 टक्के लोकांच्या बाबतीत ते कधी ना कधी घडते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण ते का घडते याच्या कारणांत बायकोने कार्ड परत मागणे बसत नाही. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी 1951 मध्ये सुरू झालेल्या अल्-अनॉन या गटात नव्याने येणाऱ्याला तीन गोष्टी आधी सांगितल्या जातात: हे तुम्ही घडवलेले नाही, ते तुमच्या आवाक्यात नाही आणि ते बरे करणे तुमच्या हाती नाही. ज्या मीटिंगांना तुमचे पती नियमित जातात, तिथेही आपल्या पिण्याचा दोष घरच्यांवर टाकणे मोकळेपणाचे शेअरिंग समजले जात नाही. त्यांच्या स्पॉन्सरला, म्हणजे गटात त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या जुन्या सदस्याला, हे वाक्य ऐकवले, तर तो बहुधा भुवया उंचावेल.

याच्या पुढे जे लिहीत आहे ते कृपया नीट वाचा, कारण मासिकांतून (या सदरातूनही) एरवी दिला जाणारा सल्ला तुम्हाला लागू नाही. समोरासमोर बसा, शांतपणे सांगा की यापुढे माझा फोन कुणी पाहणार नाही, आणि त्यावर ठाम राहा, हा सल्ला जिथे भीती नाही त्या घरासाठी आहे. जिथे ‘नाही’ म्हटल्यावर भिंतीवर ढकलले जाते, तिथे सीमा जाहीर करणे म्हणजे आपला बेत समोरच्याला आधी कळवणे होय. ताबा सुटतो आहे असे वाटले की हिंसा वाढते. घर सोडण्याच्या आसपासचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात. म्हणून तुमच्या बाबतीत सीमा आधी गुपचूप आखायची असते, आणि ती शब्दांत नव्हे, तयारीत असते.

ही तयारी तुमच्या फोनवरून करू नका. कौटुंबिक हिंसेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेशी बहिणीच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या फोनवरून बोला. ओळखपत्रे, बँकेचे कागद, मुले असतील तर त्यांचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवा. मूळ कागद एकदम हलवू नका, ते जागेवर नसल्याचे लवकर लक्षात येते. एका व्यक्तीशी साधा सांकेतिक शब्द ठरवून ठेवा, जो स्पीकरवरही बोलता येईल. भांडण पेटते आहे असे वाटले तर स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात न जाता बाहेरच्या दाराच्या दिशेने सरका. आणि त्यांनी पूर्वी कधीही तुमचा गळा दाबला असेल, अगदी क्षणभर, खूणही न उरता, तर ते संस्थेला सर्वांत आधी सांगा. ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने पूर्वी आवळला आहे तिचा त्याच्या हातून खून होण्याचा धोका सुमारे सात पटींनी वाढलेला असतो, असे अमेरिकेत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाण्याचा आग्रह होईल. सध्या जाऊ नका. तिथे खरे बोललात तर त्याची किंमत घरी मोजावी लागेल, आणि खरे बोलला नाहीत तर जाण्यात अर्थ नाही. त्यांच्या समुपदेशकांचे लक्ष त्यांच्या दारू न पिण्यावर आहे, ते त्यांचे कामच आहे. तुम्हाला स्वतःचा, वेगळा, त्यांच्याशी संबंध नसलेला समुपदेशक हवा.

पती खरोखर बदलत आहेत की नाही हे कशावरून ओळखायचे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण ते मनात असणारच. अश्रू, माफी, भेटवस्तू यांवरून ओळखू नका. तणाव वाढणे, स्फोट होणे आणि मग गोडवा येणे या फेऱ्याचे वर्णन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्येच केले आहे, आणि सगळ्याच घरांत तो तसाच फिरत नसला तरी गोडव्याला पुरावा मानू नये एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. एखाद्या साध्या गोष्टीला तुम्ही ‘नको’ म्हटले आणि त्यानंतरच्या दोन तासांत घरात काय घडेल याचा अंदाज तुम्हाला बांधावा लागला नाही, तर काही बदलले आहे असे म्हणता येईल. तोवर त्यांच्या सात महिन्यांचे अभिनंदन इतर लोक करत आहेत, ते पुरेसे आहे.

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. रोज पितो. आठवड्यातून एकदा तरी त्याला बरे नाही असे मी त्याच्या ऑफिसला फोन करून कळवते. त्याची दोन कर्जे मी फेडली. ‘पुन्हा प्यायलास तर घरात घेणार नाही’ असे अनेकदा म्हटले, पण रात्री दाराशी आला की दार उघडतेच. आता एका ओळखीच्या बाईंनी जेवणात नकळत मिसळायची एक पावडर सुचवली आहे. दारूचा वास आला तरी उलटी होते म्हणे. देऊ का? आणि माझे नेमके चुकते कुठे?

उत्तर : पावडर देऊ नका. अशा पुड्यांत काय असते हे पुडी विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, पण पुष्कळदा त्यात डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे खरे औषध आहे आणि डॉक्टर ते देतात. मात्र रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून, आणि शरीरात दारू मुळीच नसताना. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे असे होते आणि प्रसंगी जीवही जातो. तुमच्या मुलाला आपल्या जेवणात काय आहे हे माहीत नसेल, तर तो नेहमीप्रमाणे पिईल. शिवाय एकदा कळले की तो तुमच्या हातचे जेवण्याचे बंद करेल, आणि त्याच्याशी बोलण्याचा उरलेला एक धागा तुटेल.

तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट: ‘उद्यापासून घोटही नाही’ असा हट्ट त्याच्यापाशी घरच्या घरी धरू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम, भास, ताप आणि कापरे अशी गंभीर अवस्था येते, जी उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. थांबायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुलाने स्वतःहून थांबवली आणि त्याचे हात कापू लागले, त्याला घाम फुटला, तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याला निश्चयाचे लक्षण समजू नका, सरळ रुग्णालयात न्या.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘पुन्हा प्यायलास तर घरात घेणार नाही’ या वाक्यात दोन दोष आहेत. ते तुम्हाला पाळता येणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यालाही. आणि ते त्याच्या वागण्याविषयीचे आहे, ज्यावर तुमचा ताबा नाही. सीमा ही आपण काय करणार आणि काय करणार नाही याविषयी असते, आणि जी उद्या रात्रीही पाळता येईल तेवढीच ती आखायची असते. ‘मी यापुढे तुझ्या ऑफिसला फोन करणार नाही’ हे वाक्य तुम्ही पाळू शकता, कारण फोन तुमच्या हातात आहे. ‘कर्ज फेडणार नाही’ हेही तुम्हाला पाळता येईल. ही दोन वाक्ये तो शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, एकदाच सांगा. कारणे देऊ नका, आवाज चढवू नका, आणि पुढच्या वेळी ऑफिसचा फोन आला तर तो त्याच्या उशाशी नेऊन ठेवा. दार उघडण्याचा प्रश्न सध्या बाजूला राहू द्या. सर्वांत कठीण सीमेपासून सुरुवात केली की ती मोडते, आणि मोडलेल्या प्रत्येक सीमेबरोबर पुढची हलकी होत जाते.

तुमचे चुकते असे मी म्हणणार नाही. तुम्ही नोकरी वाचवत आहात, अब्रू वाचवत आहात, हे समजण्यासारखे आहे. फक्त यात एक गोष्ट घडते: पिण्याचे जे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचायला हवेत ते वाटेत तुम्ही झेलता, आणि दारूने आपले काही बिघडत नाही असे त्याला प्रामाणिकपणे वाटत राहते.

याचा अर्थ माया आटवायची असा मात्र घेऊ नका. ‘त्याला तळ गाठू द्या, मगच तो सुधारेल’ ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती क्रूर आहे. काहींचा तळ स्मशानात असतो. रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबीयांसाठी तयार केलेल्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीत नेमके उलटे शिकवतात: तो न प्यायलेला असेल त्या वेळी त्याच्याबरोबर बसा, बोला, त्याला आवडते ते करा, प्यायला की शांतपणे तिथून उठा, जेवण झाकून ठेवा आणि झोपायला जा, आणि सकाळी तो ओशाळलेला असेल, तेव्हा आधीच ठरवून ठेवलेल्या उपचाराचा पत्ता पुढे करा. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, ही पद्धत शिकलेल्या कुटुंबीयांच्या घरातील 64 टक्के पिणारे लोक उपचारांना तयार झाले. सगळ्यांनी मिळून एकदा समोर बसवून खडसावण्याची पद्धत वापरलेल्या गटात हे प्रमाण 30 टक्के होते. आकडे एका अभ्यासाचे आहेत, पण खडसावण्याच्या उपयोगाबद्दल शंका घ्यायला पुरेसे आहेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून विचारतो. पैसे नाकारले तर तो तुमच्या अंगावर येतो का? येत असेल तर ही कौटुंबिक हिंसाच आहे, मारणारा पोटचा असला तरी. आणि मग पहिल्या पत्राच्या उत्तरातला तयारीचा भाग तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : इतरांच्या पत्रांत नेहमी पिणारा पुरुष असतो. आमच्या घरात पिणारी मी आहे. नवरा मारतो, आणि दारूही तोच आणून देतो. दोनदा उपचारांसाठी वेळ घेतली. दोन्ही वेळा आदल्या रात्री मोठे भांडण झाले आणि सकाळी मी जाण्याच्या अवस्थेत नव्हते. तो म्हणतो, ‘दारुड्या बाईचं कोण ऐकणार? मुलं माझ्याकडेच राहतील.’ आधी दारू सोडू की आधी घर?

उत्तर : हा क्रम तुमच्यावर लादला गेला आहे. तुम्ही दारू सोडून दाखवल्याशिवाय तुम्हाला मार न खाण्याचा हक्क मिळत नाही, असे तुमच्या नवऱ्याचे म्हणणे आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळ संस्थाही नकळत तसेच वागतात: व्यसनमुक्ती केंद्र म्हणते, आधी घरातले वातावरण शांत करा, निवारागृह म्हणते, आधी दारू सोडा. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी दार ठोठवा, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरीबद्दल सांगा. निवारागृहाला फोन करताना ‘दारूचे व्यसन असलेल्या स्त्रीला तुम्ही घेता का’ हे पहिल्याच वाक्यात विचारा. नाही म्हणाले तर कोण घेते ते त्यांनाच विचारा. त्यांना ते बहुधा माहीत असते.

जोडीदाराने दारू किंवा अमली पदार्थ पुरवणे, उपचारांत खोडा घालणे, आणि मग त्याच व्यसनाचा बोभाटा करण्याची धमकी देणे ही छळाची ओळखीची पद्धत आहे. भांडण दोन्ही वेळा आदल्याच रात्री झाले, हे तुम्ही स्वतः टिपले आहे, म्हणजे तुम्हाला ते दिसले आहे. पुढची वेळ घ्याल तेव्हा ती घरात कुणालाही कळू देऊ नका. अन्य कारणाने बाहेर पडाल अशीच वेळ मागा. डॉक्टरांना ‘मला एकटीला भेटायचे आहे’ असे सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे, नवरा बाहेर बसलेला असला तरी. मार आणि दारू दोन्ही त्यांना सांगा आणि दोन्हींची नोंद करायला सांगा. मुलांच्या ताब्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या. पण उपचार सुरू केल्याची तारीखवार नोंद तुमच्याजवळ असणे आणि नसणे यात फार अंतर असते.

‘मी सोडून दाखवतेच’ म्हणून घरात एकटीने दारू एकदम बंद करू नका. त्यातला धोका वरच्या उत्तरात लिहिला आहे. आणि दारू थांबल्यावर काही काळ झोप आणखी बिघडेल, मारहाणीच्या आठवणी उसळून येतील, कारण आजवर त्या दारूखाली दाबलेल्या होत्या. हे होणार असे उपचार करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. हे उपचार फसल्याचे लक्षण नाही.

गटात जायला लागाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या स्त्रीशी सलगी करू पाहणारा जुना सदस्य क्वचित कुठे तरी भेटतोच; गटाचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा असतो, म्हणून तिथले लोक या प्रकाराला उपरोधाने ‘तेरावी पायरी’ म्हणतात. स्पॉन्सर स्त्रीच निवडा, फक्त स्त्रियांची मीटिंग असेल तर तिथे जा, आणि कुणी घरी सोडायचा फार आग्रह धरला तर ‘नको’ एवढेच म्हणा. कारण सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. तुम्हाला हा शब्द पुष्कळ दिवसांत वापरता आलेला नाही, तेव्हा पहिल्यांदा तो कठोर वाटेल.

चिठ्ठी : एका वाचकाने एकच ओळ लिहिली आहे: सीमा-बिमा आखणे म्हणजे निव्वळ स्वार्थ नव्हे का?

उत्तर : हा प्रश्न ज्यांना सीमांमुळे अडचण होते त्यांच्याकडूनच बहुधा येतो. तुम्ही त्यांच्यापैकी नसाल, तर तुमच्या घरात ‘नाही’ म्हणण्याची मुभा कुणाला आहे आणि कुणाला नाही, एवढे या आठवड्यात पाहा आणि पुन्हा लिहा.

प्रश्न : मी दोन वर्षे सोबर आहे. दारूत आणि दारूशिवायही मी पत्नीला मारले आहे. ती मुलीला घेऊन वेगळी राहते आणि मी संपर्क करू नये असे तिने भावाकरवी कळवले आहे. मी नववी पायरी करतो आहे. तिची माफी मागितल्याशिवाय माझी पायरी पूर्ण होणार नाही. मुलगी पंधरा दिवसांनी भेटायला येते. तिच्या हाती पत्र दिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. ‘दारूशिवायही’ हा शब्द तुम्ही गाळू शकला असता आणि गाळला नाही, त्याची नोंद घेतो; तुम्ही खरे लिहिता आहात असे मानूनच हे उत्तर देत आहे.

1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी झालेल्या नुकसानीची प्रत्यक्ष भरपाई करायला सांगते, पण त्याच वाक्यात अपवादही आहे: तसे केल्याने त्या व्यक्तीला किंवा इतरांना इजा होणार असेल तर करू नये. तुमच्या पत्नीने संपर्क नको म्हटले आहे. तुमच्या हस्ताक्षरातला लिफाफा मुलीच्या दप्तरातून निघणे हीच तिच्यासाठी इजा आहे, आत कितीही चांगले लिहिलेले असो. तिने इतकी वर्षे जे सांगितले ते तुम्ही ऐकले नाही. आता जे सांगितले आहे ते ऐकणे, हीच सध्या तुम्हाला करता येण्याजोगी भरपाई आहे. तिने माफ करावे ही अपेक्षा पायरीत नाही. तुमच्या मनावरचे ओझे उतरवायला तिने मदत करावी, हीदेखील नाही.

पत्र लिहा, जरूर लिहा, आणि स्पॉन्सरला वाचून दाखवा. वाचताना ‘पण’ हा शब्द कुठे आला आहे यावर त्याला बोट ठेवायला सांगा. मग ते स्वतःपाशी ठेवा. तिला आणि मुलीला जे पैसे देणे लागता ते ठरल्या तारखेला वकिलामार्फत द्या, सोबत निरोप न जोडता. आणि हिंसा करणाऱ्या पुरुषांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम तुमच्या परिसरात चालत असेल तर त्यात नाव घाला. अशा कार्यक्रमांचे परिणाम सर्वत्र सारखे दिसलेले नाहीत, पण दारूच्या मीटिंगमध्ये हात उचलण्याविषयी कुणी फार खोलात विचारत नाही, आणि तुम्हाला तसे विचारणारे लोक हवे आहेत. राग आवरायला शिकवणाऱ्या शिबिरावर मात्र भागवू नका. दारूशिवायही मारले असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा दर वेळी तुम्ही रागावलेलेच होता का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

मुलगी भेटायला येईल तेव्हा आईबद्दल काहीही विचारू नका, ती कुठे जाते, कुणाशी बोलते, कशी आहे, यांतले काहीच नाही. मुलगी स्वतःहून सांगू लागली तर ऐकून घ्या, तो आईने पाठवलेला निरोप आहे असे समजू नका आणि तिच्यामार्फत उत्तर पाठवू नका. तिने तुम्हालाच काही जुने विचारले, त्या रात्री तुम्ही असे का केलेत असे विचारले, तर दारूचे नाव न घेता उत्तर द्या.